मशहूर की मारूफ?

आठवीच्या वर्गात इंग्रजीचा तास चालू होता. फळ्यावर आम्ही दोन शब्द लिहिले होते : फेमस आणि नोटोरियस. आमची शाळा नांदेडची, उर्दू माध्यमाची. मुले घरी दखनी बोलतात, बाजारात मराठी बोलतात, पुस्तकात उर्दू वाचतात आणि इंग्रजी परीक्षेपुरती शिकतात. त्यामुळे एका इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगायचा तर आम्हाला तीन भाषांच्या दारातून जावे लागते. फेमस म्हणजे मशहूर, प्रसिद्ध. नोटोरियस म्हणजे बदनाम, कुप्रसिद्ध. दोन्ही प्रकारची माणसे सर्वांना माहीत असतात. पहिला चांगल्या कामासाठी, दुसरा वाईट कामासाठी. एवढे सांगून आम्ही मुलांना प्रत्येक शब्दाचे एकेक वाक्य करून आणायला सांगितले.

(उर्दूवाल्यांना स्वतःविषयी बोलताना 'हम' म्हणायची सवय असते. मराठीत लिहिताना तिचे 'आम्ही' होते. वाचकांनी ते मोठेपणाचे समजू नये.)

दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या. फेमसखाली बहुतेकांनी हुजूर साहिबचा गुरुद्वारा लिहिला होता, काहींनी ताजमहाल, काहींनी सचिन तेंडुलकर. नोटोरियसखाली गब्बरसिंग होता आणि सिनेमातले इतर डाकू होते. एका वहीत मात्र वेगळेच वाक्य होते. मुलाने लिहिले होते की आमचा मोहल्ला नोटोरियस आहे. वाक्यरचना बरोबर होती. स्पेलिंगही बरोबर होते, आणि ते त्या वर्गात दहा-बाराच मुलांना जमले होते. आम्ही लाल पेन उचलला. काय खोडायचे ते कळेना. चूक तर कुठेतरी होती.

तासाला त्याला जवळ बोलावून विचारले, "हे तुला कोणी सांगितले?"

तो म्हणाला, "सब बोलते, सर."

हे 'सब' म्हणजे कोण, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मागे लागला. हा लेख त्याच प्रश्नाचा आहे.

* * *

प्रथम शब्दांचेच पाहू. फेमस या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. 'फामा' म्हणजे लोकांत चाललेली बोलवा. ती खरी की खोटी, चांगली की वाईट, याचा त्या शब्दाशी संबंध नव्हता. व्हर्जिल या रोमन कवीने आपल्या महाकाव्यात या फामेचे एक भयंकर पाखरू कल्पिले आहे. त्याच्या अंगावर जितकी पिसे, तितकेच डोळे, तितक्याच जिभा आणि तितकेच कान. ते रात्री झोपत नाही आणि खऱ्याबरोबर खोटेही तितक्याच उत्साहाने वाहून नेते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या वर्णनात मोबाइलवरचा 'फॉरवर्ड' ओळखू येतो.

नोटोरियसची हकीकत अधिक बोधप्रद आहे. त्याचेही मूळ 'माहीत असणे' एवढेच. तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत सर्वांना ठाऊक असलेल्या साध्या गोष्टीलाही नोटोरियस म्हणत. पण हा शब्द चोर, लबाड, दरोडेखोर यांच्या शेजारी इतक्या वेळा बसवला गेला की तो स्वतःच वाईट झाला. शब्दाने काही गुन्हा केला नव्हता. संगतीने त्याचे नाव गेले. माणसांचे असे होते हे आपल्याला ठाऊक आहे, शब्दांचेही होते.

आपल्याकडे 'नामचीन' या शब्दाचे हेच झाले आहे. हिंदीत नामचीन लेखक, नामचीन वकील असे आदराने म्हणतात. आमच्या मराठी वर्तमानपत्रांत मात्र नामचीन म्हटले की पुढे गुंडच येणार. नामचीन डॉक्टर असे मराठीत लिहून पाहा. डॉक्टर फिर्याद करतील. शब्द एकच, नदीच्या या काठाला इज्जतदार आणि त्या काठाला बदनाम.

उर्दूतील मशहूर, तशहीर आणि इश्तिहार हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून आले. इश्तिहार म्हणजे जाहिरात. तशहीर म्हणजे आजच्या उर्दू वर्तमानपत्रांत प्रसिद्धी, प्रचार. पण जुन्या काळी तशहीर ही एक शिक्षा होती. अपराध्याचे तोंड काळे करून, त्याला गाढवावर बसवून गावातून फिरवायचे. मराठीत याला धिंड म्हणतात. म्हणजे ज्या मुळातून मशहूर निघाला, त्याच मुळातून धिंडही निघाली. दोन्हींत रस्त्याच्या कडेला माणसे उभी असतात आणि बोटे दाखवतात. वरात कुठे संपते आणि धिंड कुठे सुरू होते, हे बघ्यांवर अवलंबून असते.

मराठीतला 'प्रसिद्ध' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. तो माणसालाही लावतात आणि छापून आलेल्या मजकुरालाही. लेख प्रसिद्ध झाला, बातमी प्रसिद्ध झाली. जे छापून आले ते प्रसिद्ध, मग ते खरे असो वा नसो. म्हणून तर दुसऱ्या दिवशी खुलासाही प्रसिद्ध करावा लागतो. आतल्या पानावर, चार ओळींत.

आता एक शब्द राहिला, मारूफ. उर्दूत मशहूर-ओ-मारूफ अशी जोडी नेहमी येते आणि आपण दोन्ही एकच समजतो. पण मारूफचे मूळ ओळखण्यात आहे. ज्याला ओळखले गेले, तो मारूफ. त्याच मुळातून तआरुफ म्हणजे परिचय येतो. अरबीत मारूफचा दुसरा अर्थ भलाई असाही आहे. जे चांगले म्हणून ओळखीचे आहे ते. मशहूर व्हायला माणसे फक्त ऐकणारी लागतात. मारूफ व्हायला माणसाशी व्यवहार पडलेला असावा लागतो.

हदीसच्या शास्त्रात मशहूर ही एक पारिभाषिक संज्ञा आहे, हे मदरशात शिकलेल्या वाचकांना सांगायला नको. प्रत्येक पिढीत किमान तीन सांगणारे असलेली रिवायत मशहूर म्हटली जाते. पण मुहद्दिसांनी तेवढ्यावर भागवले नाही. मशहूर रिवायतही सहीह असू शकते किंवा जईफ असू शकते. किती जणांनी सांगितले हा एक प्रश्न, आणि सांगणारे कोण, त्यांची स्मरणशक्ती कशी, त्यांनी कोणाकडून ऐकले, हा दुसरा. जे केवळ लोकांच्या तोंडी आहे त्याची तर त्यांनी आणखी कडक छाननी केली. ज्या परंपरेने प्रत्येक वाक्यामागे माणसांची साखळी मागितली, त्या परंपरेची आपण मुले. आणि आपणच चौकात, हॉटेलात, स्टाफरूममध्ये 'सब बोलते' एवढ्यावर माणसाचा निकाल लावून मोकळे होतो.

* * *

आमचे मूळ गाव औसा, जिल्हा लातूर. लातूरची ओळख जगाला कशी झाली, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास आमच्याच तालुक्यातील किल्लारीला भूकंप झाला. गणेश विसर्जनाची रात्र होती, लोक दमून झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची घरे अंगावर आली. दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. आम्ही तेव्हा फार लहान. अम्मीने उचलून अंगणात आणले आणि पुढे कित्येक दिवस आम्ही सगळे बाहेरच झोपत होतो, एवढेच आठवते.

त्या दिवसापासून लातूर जगप्रसिद्ध झाले. परदेशातून विमाने आली, मदत आली, पत्रकार आले. भूकंपाचे नावच लातूरचा भूकंप असे पडले. पण सास्तूर आणि आसपासची गावे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील, आजच्या धाराशिवमधील. तिथलीही घरे अशीच बसली, तिथलीही माणसे अशीच गेली. नाव मात्र लातूरचे झाले. प्रसिद्धी अशी असते; ती मेलेल्यांची संख्याही एका नावावर जमा करते आणि दुसऱ्याच्या नावावरून कमी करते.

मग आला लातूर पॅटर्न. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची मुले दरवर्षी चमकू लागली. १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा झालेला हा जिल्हा, ज्याला मागास म्हणायची सवय होती, त्याचे नाव पुण्या-मुंबईच्या पालकांच्या तोंडी आले. शिक्षकांनी सुट्ट्यांतही शिकवले, सराव परीक्षा घेतल्या, मुलांनी रात्री जागवल्या. हे यश खरे होते आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण यादीत जे आले त्यांची गिनती झाली. जे त्याच वर्गात, त्याच बाकावर बसून मागे राहिले, ते कोणत्या पॅटर्नचे, हे कोणी विचारले नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर तिसऱ्यांदा प्रसिद्ध झाले. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीत दहा टँकर, पाच लाख लिटर पाणी. सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे स्टेशनवर. त्यानंतर पुण्याला एका लग्नात आम्ही औशाचे, लातूर जिल्ह्याचे म्हणून सांगितले तर समोरच्या गृहस्थांनी विचारले, "पाण्याची रेल्वे आली होती तेच ना?" त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हते. पण आमचा अख्खा जिल्हा त्यांच्या डोक्यात एका मालगाडीएवढा होता.

आणि जून २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेतील गैरप्रकारांच्या प्रकरणात लातूरच्या दोन शिक्षकांना अटक झाल्याच्या बातम्या आल्या. खटल्यात काय ठरायचे ते न्यायालयात ठरेल. पण लातूर पॅटर्न हे दोन शब्द, जे कालपर्यंत शाबासकी होते, ते एका रात्रीत टोमणा झाले. तीस वर्षांत ज्या हजारो शिक्षकांनी घसा कोरडा केला, त्यांचा त्यात काय दोष? आणि खरे सांगायचे तर, पूर्वी जेव्हा तेच दोन शब्द शाबासकी होते, तेव्हा लातूरच्या ज्या आळशी शिक्षकांना फुकट मान मिळत होता, त्यांचा तरी त्यात काय वाटा होता?

गावाच्या नावाने मिळालेली इज्जत आपण खुशाल घेतो आणि त्याच नावाने आलेली बदनामी मात्र अन्याय म्हणतो. आम्हीही तसेच केले आहे. दोन्ही उधारीचेच आहेत, हे कबूल केले पाहिजे.

* * *

बदनामीची उधारी मात्र सर्वांना सारखी पडत नाही. बी.एड. करत असताना लातुरात आम्ही खोली शोधत होतो. एका ठिकाणी भाडे ठरले, अनामत ठरली, पाणी कधी येते तेही सांगून झाले. मग घरमालकांनी नाव विचारले. नाव सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "सर, घरच्यांना विचारून कळवतो." गृहस्थ सभ्य होते, पाणी पाजूनच त्यांनी आम्हाला वाटेला लावले. त्यांनी आम्हाला ओळखले नव्हते. आमच्या नावाविषयी त्यांनी काही ऐकले होते. आम्ही त्यांच्या दृष्टीने मशहूर होतो, मारूफ नव्हतो.

अशी हकीकत या अंकाच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांकडे असेल. ती सांगून सहानुभूती मिळवणे हा हेतू नाही. एखाद्या समूहावर शब्द चिकटवण्याचा प्रकार केवळ आपल्यापुरता नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून काही जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. पाळण्यातल्या मुलालाही सरकारी कागदावर नोटोरियस ठरवणारा हा कायदा स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये रद्द केला. त्या जमातींना विमुक्त हे नाव मिळाले. पण कायदा गेला तरी शब्द जात नाही. आजही गावात चोरी झाली की पहिली नजर पारध्याच्या पालाकडे वळते, आणि ती वळवणाऱ्यांत आपलेही लोक असतात. आपल्या मोहल्ल्याविषयी 'सब बोलते' हे आपल्याला लागते. पालाविषयी आपण स्वतः त्या 'सब'मध्ये असतो.

कायद्याची एक गोष्ट आम्हाला फार शहाणपणाची वाटते. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ५४ सांगत होते की फौजदारी खटल्यात आरोपीचे वाईट चारित्र्य हा पुरावा धरू नये, जोवर त्याने स्वतःच्या चांगल्या चारित्र्याचा पुरावा पुढे केलेला नाही. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हे तत्त्व तसेच राहिले. म्हणजे न्यायाधीश विचारतो, या माणसाने हे कृत्य केले की नाही ते सांगा; लोक त्याला काय म्हणतात ते सांगू नका. न्यायालयाच्या बाहेर, चहाच्या टपरीवर, नेमके उलटे चालते. तिथे लोक काय म्हणतात एवढेच सांगितले जाते.

* * *

आता स्वतःचे सांगितले पाहिजे, नाहीतर वरचे सगळे उपदेश ठरतील.

शाळेत लागलो त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची गोष्ट. सहावीच्या वर्गात सहलीसाठी जमा केलेल्या पैशांतले काही पैसे नाहीसे झाले. एक मुलगा होता, दंगेखोर, उशिरा येणारा, वडील बाहेरगावी. दोन मुलांनी त्याचे नाव घेतले. त्याने नाही म्हटले. दप्तर पाहिले, खिसे पाहिले, काही सापडले नाही. ते पैसे कोणी घेतले ते आजपर्यंत कळलेले नाही. आम्ही त्याला शिक्षा केली नाही आणि आपण न्यायाने वागलो असे समजत राहिलो. पण स्टाफरूममध्ये, पुढच्या वर्षी त्या वर्गाचे शिक्षक होणार होते त्यांना आम्ही हसत हसत म्हटले, "तो जरा नामचीन आहे, लक्ष ठेवा."

एवढेच. एक शब्द. पण सातवीत त्याला पहिल्या दिवशी पुढच्या बाकावर बसवले गेले, का ते न सांगता. आठवीत खिडकी फुटली तेव्हा त्यालाच आधी उभे केले. शिपाईमामासुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारू लागले, प्रेमानेच. नववीत त्याने शाळा सोडली. घरच्या परिस्थितीमुळे सोडली असे दाखल्यावर लिहिले आहे आणि ते खोटे नाही. पण तेवढेच खरे आहे असे आम्ही म्हणू शकत नाही.

२०२२ मध्ये देगलूर नाक्याजवळ आमच्या गाडीची क्लच वायर तुटली. ढकलत ढकलत एका गॅरेजपर्यंत नेली. तिथे दोन पोरे हात काळे करून बसली होती. त्यांनी आतल्या बाजूला हाक दिली, "उस्ताद, गाडी आई!" आतून जो आला तो हाच मुलगा. त्याने आम्हाला ओळखले, सलाम केला, स्टूल पुसून दिले. वायर बदलताना विचारले, "सर, अब बी छटी को पढाते क्या?" आम्ही हो म्हटले. मागे एक गिऱ्हाईक उभे होते, लोह्याहून आले होते. वाटेत एवढी गॅरेजे सोडून इथे का, असे आम्ही सहज विचारले. ते म्हणाले, "हा पोरगा जे बिघडले नाही ते बदलत नाही."

त्याने पैसे घेतले नाहीत. आम्ही आग्रह केला तेव्हा म्हणाला, "उस्ताद से पैसे लेते क्या?" ज्या शब्दाने ती पोरे त्याला हाक मारत होती, त्याच शब्दाने तो आम्हाला हाक मारत होता. त्या दिवशी त्याची माफी मागायची होती. नामचीनचे त्याला आठवते का, हे विचारायचे होते. विचारले नाही. आठवत नसेल तर कशाला आठवण द्यायची, असे मनाला समजावले. खरे तर आठवत असेल याची भीती होती.

* * *

आम्ही शिक्षक, म्हणून आमच्याच पेशातल्या एका बाईंविषयी सांगतो. फातिमा शेख हे नाव आज सर्वांना माहीत आहे. सावित्रीबाईंच्या बरोबरीने पुण्यात मुलींना शिकवणाऱ्या फातिमाबींच्या नावाने आता कार्यक्रम होतात, पुरस्कार दिले जातात. ९ जानेवारी २०२२ रोजी गूगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र लावले, तेव्हा आमच्या शाळेतील मुलींनी ते मोबाइलवर एकमेकींना दाखवले. दीडशे वर्षे कोणाच्या तोंडी नसलेले नाव एका दिवसात जगभर गेले. आणि तीनच वर्षांनी, २०२५ च्या जानेवारीत, दिल्लीतील एका पत्रकार-लेखकाने जाहीर केले की फातिमा शेख नावाचे कोणी नव्हतेच, ते पात्र आपण रचले. पुन्हा एका दिवसात तेही जगभर गेले. आमच्या स्टाफरूममध्येही एकाने विचारले, "म्हणजे खोटेच होते का?"

दोन्ही वेळा काम फामेच्या त्या पाखरानेच केले. पण या गदारोळात एक कागद शांतपणे आपल्या जागी पडून होता. सावित्रीबाईंनी आजारपणात माहेरी, नायगावला असताना १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेले पत्र. त्यात फातिमा हे नाव आहे. आपण नसल्याने तिच्यावर कामाचा ताण पडत असेल, पण ती तक्रार करणारी नाही, अशा आशयाचा उल्लेख आहे. हे पत्र मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात १९८८ सालीच छापले गेले आहे. म्हणजे कोणी समाजमाध्यमावर काही रचण्याच्या किती तरी आधी. याउलट, ९ जानेवारी या जन्मतारखेला त्या काळचा कागद नाही, आणि पत्रात फातिमा एवढेच नाव आहे, हेही आपण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आपल्या अभिमानासाठी आपण जे जास्तीचे जोडतो, तेच उद्या दुसऱ्याच्या हाती दगड होऊन येते.

आम्हाला त्या पत्रातल्या उल्लेखाचे फार वाटते. फातिमाबी तिथे मशहूर नाहीत. कोणी त्यांचा गौरव केलेला नाही. आजारी मैत्रिणीला आपल्या जागी काम करणाऱ्या बाईची काळजी वाटते आहे, आणि तिच्या स्वभावाची खात्रीही आहे. जिने शेजारी उभे राहून शिकवले, तिने दिलेली ही ओळख आहे. गूगलचे चित्र एका दिवसाचे होते. ही ओळख पावणेदोनशे वर्षे टिकली, कारण ती देणारी व्यक्ती प्रत्यक्ष साक्षीदार होती.

* * *

आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला इथे सापडले असे वाटते. एखाद्याला फेमस किंवा नोटोरियस म्हणणे हे त्या माणसाचे वर्णन नाही. ती आपली गवाही आहे. उंची, वजन, वय ही माणसाची स्वतःची असतात. प्रसिद्धी त्याच्या अंगावर कुठेच नसते, ती दुसऱ्यांच्या तोंडात असते. म्हणून तिची जबाबदारीही त्या तोंडांवर येते. मी पाहिले का? मी व्यवहार केला का? की केवळ ऐकले? ऐकले तर कोणाकडून? गवाह म्हणून उभे राहणाऱ्याने एवढे तरी स्वतःला विचारावे. 'सब बोलते' असे म्हणणारा स्वतःला त्या 'सब'च्या गर्दीत लपवतो. पण ती गर्दी एकेका माणसानेच बनलेली असते, आणि तिच्यातला प्रत्येक जण हेच म्हणत असतो.

यावर कोणी म्हणेल, सावध तर राहायला हवे. गुंडाला गुंड म्हणू नये काय? जरूर म्हणावे. ज्याने लुबाडले त्याचे नाव सांगणे हा लुबाडल्या गेलेल्याचा हक्क आहे, आणि तो गप्प बसला तर आणखी दहा जण लुबाडले जातील. त्यात साक्षीदार आहे, कृत्य आहे, एक ठरावीक माणूस आहे. मोहल्ला, जमात, गाव, आडनाव यांना कृत्य करता येत नाही. त्यांच्यावर लावलेला शब्द कोणाच्याच गवाहीवर उभा नसतो, आणि म्हणूनच तो खोडताही येत नाही.

चांगल्या नावालाही हाच नियम लावावा. आपल्या जलशांत ज्याला त्याला मशहूर-ओ-मारूफ म्हणून व्यासपीठावर बोलावण्याची पद्धत आहे. पाहुणे कोण, त्यांनी काय केले, हे बोलावणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. खोट्या बदनामीइतकी ही खोटी शोहरत दुखवत नाही, पण जीभ तीच, सवय तीच.

मोहल्ल्याच्या वाक्याचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. आम्ही वर्गाला नवा अभ्यास दिला. आपल्या प्रत्येक वाक्याखाली एक ओळ वाढवायची : असे कोण म्हणते? गुरुद्वाऱ्याखाली मुलांनी लिहिले की लांबून येणारे यात्रेकरू म्हणतात, आम्ही स्वतः पाहिले. गब्बरसिंगखाली सिनेमाचे नाव आले. त्या मुलाने वही सर्वांत शेवटी दिली. त्याने मोडक्या इंग्रजीत तीन नावे लिहिली होती : ऑटोवाला, पेपर, आणि माय टीचर.

आम्ही असे कधी, कोणत्या तासाला म्हटले, ते खूप आठवून पाहिले. आठवले नाही. त्याला मात्र आठवत होते. आम्ही त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि खाली आपली सही केली.